सर्व बरोबर

पोस्टकार्ड शनिवारी सकाळी दहाला आले. ते खाली भंवरलालच्या कापडदुकानात आले, कारण सावळेरामचे टपाल गेली अठ्ठावीस वर्षे तिथेच येत असे. वरच्या दोन खोल्या सावळेरामच्या, जिना अरुंद, आणि जुन्नरच्या कुठल्याही पोस्टमनला तो चढायला लावू नये, असा भंवरलालचा नियम होता. सावळेराम दुधाची पिशवी घेऊन परत येत होता, तेव्हा भंवरलालने गादीवरूनच हात वर केला.

"भाऊ, लोणीच्या बाईंचं कार्ड हाय. पण आज बातमी काय चांगली न्हाई."

"तुम्ही वाचलंत?"

"उघडं कार्ड व्हतं राव. पाकीट असतं तर हात लावला नसता." त्याने गादीखालून कार्ड काढले आणि त्याच्यासोबत एक किल्लीही काढली. "ही पण घ्या. परत दाराला लटकवून गेला व्हता. काल आमच्या पोरानं, जिनेशनं काढून आणली."

"काल नाही. परवा."

"काल," भंवरलाल म्हणाला आणि परकराचे कापड बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सावळेरामने कार्ड तिथेच, कोऱ्या मांजरपाटाच्या खळीच्या वासात, उभ्याने वाचले. अक्षर नेहमीचे, शाळेच्या फळ्यावरचे, ओळ न सोडणारे. 'स. न. वि. वि. गेल्या रविवारचे कोडे तीन दिवस बसूनही सुटले नाही. वरचा अर्धा भाग झाला, खालचे शब्द बसत नाहीत. मुलाशी माझे ठरले होते की, ज्या आठवड्यात कोडे सुटणार नाही, त्या आठवड्याअखेर मी लोणीचे घर बंद करून त्याच्याकडे भोसरीला राहायला जायचे. येत्या रविवारी सकाळी तो टेम्पो घेऊन येतो आहे. हे माझे शेवटचे पत्र समजावे. अकरा वर्षे तुमच्यामुळे डोके ठिकाणावर राहिले. कळावे. वैजयंती, निवृत्त शिक्षिका.' वर बुधवारची तारीख होती.

पहिल्या वाचनात त्याला बरे वाटले. हे त्याने नंतर स्वतःशी कबूल केले, कारण पस्तीस वर्षे तालुक्याच्या बातम्या लिहिताना त्याला एक सवय लागली होती, जे घडले ते ज्या क्रमाने घडले त्या क्रमानेच मांडायचे. आधी बरे वाटले. अकरा वर्षे जी बाई हरली नाही ती हरली, आणि ती त्याच्या हातून हरली. जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्याला टेम्पो हा शब्द पुन्हा दिसला आणि बरे वाटणे थांबले. उरलेल्या पायऱ्या तो दूध सांभाळत चढला.

वरच्या खोलीत टेबल, टेबलावर आलेखाचा कागद, दोन पेन्सिली, खोडरबर. दर रविवारी पुण्याच्या एका दैनिकाच्या पुरवणीत आतल्या पानावर त्याचे गूढ शब्दकोडे येई, अकरा घरे आडवी, अकरा उभी, आणि खाली नाव 'कोष्टी'. साधी कोडी त्याने कधी केली नाहीत. साध्या कोड्यात नदीचे नाव विचारतात आणि माणूस नदीचे नाव लिहितो. त्याच्या कोड्यात नदी म्हटले की नदीच शोधायची असे नव्हते. 'नदी उलटी वाहिली की गरीब' असे लिहिले की नदी या शब्दाची अक्षरे उलटी करायची आणि दीन लिहायचे. 'पहिला स्वर पिराच्या दारी, उन्हात पाठ सोडत नाही' म्हणजे सरगममधला सा, त्याला जोडून पीर म्हणजे वली, सावली. उत्तर किती अक्षरांचे ते तो कंसात देत नसे. संपादकांनी दोनदा विनंती केली होती, पण ते चौकट बघून कळते, असे त्याचे म्हणणे होते. त्याची बायको प्रयागबाई चौथीपर्यंत शिकलेली. ती स्वयंपाकघरातून विचारायची, "आज आडवं जमंना का उभं?" आणि उत्तराची वाट न बघता भाकरी थापायची. तिला जाऊन सहा वर्षे झाली. तो प्रश्न मात्र अजून रोज साधारण साडेअकराला त्या दारातून येतो, असे त्याला वाटे. त्यात दुःख फारसे नव्हते. वेळ कळे.

लोणीच्या बाईंचे पहिले कार्ड आले तेव्हा त्याने ते बायकोला वाचून दाखवले होते. त्याआधी कोड्याची उत्तरे कोणी पाठवलीच नव्हती असे नाही. सुरुवातीला पंधरावीस यायची, मग पाच, मग निवृत्त लोक मरत गेले तशी तीही थांबली. बाईंचे कार्ड मात्र चुकले नाही. एकतीसच्या एकतीस उत्तरे, क्रमांक घालून. तो उलट टपाली कार्ड पाठवी, दोनच शब्द, 'सर्व बरोबर', आणि खाली कोष्टी. पेपराने जागेअभावी उत्तरे छापणे दोन वर्षांपूर्वी बंद केले, तेव्हापासून त्या दोन शब्दांखेरीज त्या कोड्याला शेवट नव्हता. एवढ्या वर्षांत दोघे भेटले नव्हते. फोन नंबर विचारावा असे दोघांनाही वाटले नव्हते. लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, जुन्नरहून दोन गाड्या बदलून, आणि बातमीसाठी तो तिथे शेवटचा गेला होता तेव्हा टँकर सुरू होते.

त्याने गेल्या रविवारची पुरवणी काढली. बाईंना कुठे अडले असेल ते बघावे, एवढाच हेतू होता. छापून आलेले कोडे तो कधी सोडवत नसे, फक्त नाव नीट छापले आहे का बघे. आता त्याने पेन्सिलने स्वतःचीच उत्तरे भरायला घेतली. वरचा भाग भरला. चोवीस आडवा, दीन. घरे तीन होती. त्याने चष्मा पुसला. घरे तीनच होती. सव्वीस उभा, सावली, तीन अक्षरे, घरे दोन. त्याने बोट ठेवून मोजले, मग पेन्सिलीचे टोक ठेवून मोजले. बाहेर कुणीतरी टेम्पोवरून टोमॅटोचे क्रेट उतरवत होते, प्लास्टिकवर प्लास्टिक आदळत होते, आणि प्रत्येक आवाजाबरोबर त्याला वाटत होते की या आवाजामुळे मोजणी चुकते आहे. आवाज थांबल्यावरही घरे तेवढीच राहिली.

चौकटींचे नमुने त्याने फार वर्षांपूर्वी करून ठेवले होते, बारा. पैकी नऊ नंबरचे दोन होते, नऊ आणि नऊ-अ. दोन्हींचा वरचा अर्धा भाग एकच. खाली मात्र काळी घरे सरकवलेली. योगायोगाने दोन्हींत क्रमांक एकतीसपर्यंतच जात. दर गुरुवारी पाचच्या आत तो आलेखावरच्या चौकटीचा एक फोटो आणि शोधसूत्रांच्या कागदाचा एक फोटो पुण्याला पाठवी. त्याने शोधसूत्रे नऊची पाठवली होती. चौकट नऊ-अची. ते कोडे जगात कुणालाच सुटणार नव्हते. भंवरलालच्या दुकानात एकदा लोखंडी मीटरपट्टीचे टोक झिजलेले सापडले होते. दोन वर्षे प्रत्येक कापड सूतभर कमी जात होते आणि एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. भंवरलाल त्या दिवशी जेवला नव्हता. सावळेरामला तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

त्याने पुण्याला फोन लावला. पुरवणीचे काम बघणारी अश्विनी सव्वीस वर्षांची होती आणि फोनवर तिच्या मागे नेहमी कुणीतरी हसत असे.

"गेल्या रविवारी माझ्याकडून चौकट चुकीची गेली. किती फोन आले?"

"कशाबद्दल सर?"

"कोड्याबद्दल."

"नाही हो सर, एकही नाही. मेल पण नाही. तुम्ही उगाच टेन्शन घेऊ नका, कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"उद्या दोन ओळींचा खुलासा टाका."

"उद्याचं पान कालच गेलं ना सर. पुढच्या रविवारी बघते, जाहिराती किती येतात त्यावर." मग ती म्हणाली, "आणि सर, या रविवारचं कोडं तुम्ही दोनदा पाठवलंत. गुरुवारी एकदा आणि शुक्रवारी परत तेच. मी पहिलंच घेतलं. चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला. शुक्रवारी पाठवल्याचे त्याला आठवत नव्हते. पोचले की नाही अशी शंका आली म्हणून पाठवले असणार, असे त्याने ठरवले.

कार्ड टाकले तर ते मंगळवारी पोचले असते. टेम्पो उद्या सकाळी होता. त्याने नऊ नंबरची बरोबर चौकट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, शोधसूत्रांचा कागद ठेवला, पुरवणी पिशवीत घातली आणि जिना उतरला. भंवरलालने विचारले, "कुठं निघाला येवढ्या उन्हाचं?" लोणीला म्हटल्यावर त्याने बायकोला, मोहनबाईंना, आतून पाण्याची बाटली आणायला सांगितली आणि मग हळूच म्हणाला, "जिनेशला गाडी काढाया सांगू का? तो सोडंल मंचरपर्यंत."

"पस्तीस वर्षं हा तालुका मी एसटीनं फिरलोय, भंवरलालजी."

"त्ये खरं हाय," भंवरलाल म्हणाला. पण तो दुकानाच्या पायरीपर्यंत आला आणि सावळेराम स्टँडकडे वळेपर्यंत उभा राहिला, आणि त्याचे ते उभे राहणे सावळेरामला पाठीवर जाणवत होते.

नारायणगावपर्यंत बसायला जागा मिळाली. खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव, शेडनेटची पांढरी पालं, कांद्याच्या चाळी, एक डेअरी, एक इंग्रजी शाळा. याच रस्त्याने पूर्वी त्याची पाकिटे जात. दुपारी दोनला बातमीचे पाकीट पुणे गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचे, शिवाजीनगरला पेपरचा माणूस घेई. एका पावसाळ्यात घाटघरला घर पडले तेव्हा तो चिखलातून चालत गेला होता, परत येऊन जुन्नरच्या एसटीडी बूथमधून सातशे शब्दांची बातमी एकही टिपण न बघता सांगितली होती, नावे, वये, किती जनावरे, कुणाची म्हैस, सगळे. पलीकडचा उपसंपादक म्हणाला होता, लेका तुझ्या डोक्यात रजिस्टर आहे का. ती नावे त्याला आजही येत होती. चिमाजी, वय एकसष्ट. भागू, वय नऊ. आणे गावच्या जत्रेत त्या साली आमटीच्या किती कढया चढल्या तेही येत होते. त्याने स्वतःची परीक्षा घेतली आणि सगळी उत्तरे बरोबर आली. मग त्याने मंगळवार घेतला. या आठवड्यातला मंगळवार. काय जेवलो, कोण भेटले, केस कापले ते मंगळवारी की त्याच्या आदल्या मंगळवारी. तिथे काळी घरे होती. पण रिकाम्या माणसाचा मंगळवार असतोच कसा, असे त्याने स्वतःला समजावले, त्यात लक्षात ठेवण्यासारखे काही नसतेच. कंडक्टर नारायणगाव नारायणगाव म्हणून ओरडला, तेव्हा मंगळवार तसाच राहिला.

मंचरच्या स्टँडवर तो लागलेल्या गाडीत चढून बसला. गाडी भरली. कंडक्टर तिकिटे फाडत आला.

"एक लोणी."

"लोणी? ओ बाबा, ही घोडेगाव गाडी हाय. बोर्ड दिसला न्हाई का?"

"बोर्डासमोर माणसं उभी होती."

"उतरा लवकर. त्या तिकडं, शेवटच्या फलाटाला लागलीय तुमची."

मागच्या सीटवरची एक बाई हसली. बोर्डासमोर माणसे खरोखर उभी होती का, हे आठवण्याचा प्रयत्न करत तो फलाट ओलांडून गेला. घोडेगाव पश्चिमेला, लोणी पूर्वेला. हा नकाशा त्याने वर्षानुवर्षे बातम्यांसोबत हाताने काढून पाठवला होता.

मंचर मागे पडले तसा ऊस संपत गेला, मग हिरवेपण संपत गेले, माळ लागला. लोणीत गाडी थांबली तेव्हा अडीच वाजले होते. पारापाशी एक म्हातारी करडईची भाजी निवडत बसली होती.

"वैजयंती बाईंचं घर?"

"निळ्या टाकीच्या म्होरं. टेम्पोवालं का तुमी? उद्या येणार व्हता ना?"

"टेम्पोवाला नाही."

"मंग पावणं का? जावा, जावा. बाई कालपासून भांडी बांधत्यात. आमच्या आख्ख्या गल्लीला बाराखडी शिकवली बगा तिनं, अन् आता पोरगं घिऊन चाललंय फ्लॅटात कोंडाया. मी म्हनलं, ह्या साळुबाईकडं र्‍हा. तर म्हनती, ठरलंय म्हंजी ठरलंय. लई हेकट." साळुबाईने एक काडी त्याच्याकडे रोखली. "तुमी कोण म्हनायचं?"

"त्यांच्या ओळखीचा," सावळेराम म्हणाला. यापेक्षा नेमके काही त्याला सुचले नाही.

दार उघडे होते. ओसरीवर पोती, दोरीने बांधलेली ट्रंक, उलटे ठेवलेले पाट. सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या फोटोची भिंतीवर उरलेली चौकोनी खूण. बाई आतून आल्या. सत्तरीपुढच्या, बुटक्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, आणि बघण्याची पद्धत अशी की, समोरच्याने हात मागे घ्यावेत. त्याने नाव सांगितले. त्यांना कळले नाही. मग त्याने कोष्टी म्हटले.

"बसा," त्या म्हणाल्या. पाणी दिले. आणि तो पेला खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "समजूत घालायला आला असाल तर येवढ्या लांबून यायला नको होतं."

"कोडं चुकलेलं होतं."

"तसं म्हणायला तुम्हाला आदेशनं सांगितलं का?"

"मी तुमच्या मुलाला ओळखत नाही." त्याने दोन्ही कागद काढून ट्रंकेवर शेजारी शेजारी ठेवले. छापलेली चौकट आणि खिशातली चौकट. "शोधसूत्रं या चौकटीची होती. मी ती दुसरी पाठवली. खालचा भाग बघा."

बाईंनी चष्मा लावला. एक बोट या कागदावर, एक त्या कागदावर, घराघराने खाली आणत त्यांनी दोन्ही चौकटी तपासल्या. वह्या तपासल्यासारख्या. मग त्या पेन्सिल घेऊन आल्या आणि बरोबरच्या चौकटीत भरायला बसल्या. तो त्यांच्या हाताकडे बघत राहिला. दीन. सावली. हात थांबत नव्हता, फक्त अठ्ठावीस उभ्यापाशी थोडा रेंगाळला आणि पुढे गेला. ओसरीवर उन्हाची पट्टी त्याच्या चपलेपर्यंत आली होती. आपल्या कोड्यासमोर बसलेला माणूस त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. इतक्या वर्षांत त्याने या क्षणाची कल्पना केली नव्हती आणि आता तो आला होता तो बांधलेल्या ट्रंकेवर. अकरा मिनिटे लागली. त्याने घड्याळात पाहिले होते.

"बरोबर?" बाईंनी विचारले.

"सर्व बरोबर."

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, फक्त बोटांनी नाकावरची खूण चोळली. "दूध दोनदा उतू गेलं माझं," त्या म्हणाल्या. "गॅस तसाच चालू. दिवाळीत आदेशनं बघितलं. म्हणाला, आता नाही राहायचं एकटं. मी म्हटलं, माझं डोकं ठीक आहे की नाही ते दुधावरून नाही ठरवायचं. रविवारच्या कोड्यावरून ठरव. त्याला वाटलं आई सहज बोलली. मी सहज बोलत नाही." त्यांनी फोन उचलला आणि लावला. आवाज मोठा ठेवलेला होता, कारण ऐकू कमी येत असावे.

"आदेश, टेम्पो आणू नको."

"आई, परत तेच? बुधवारी तूच म्हणालीस ना, हरले म्हणून?"

"बुधवारी मला माहीत नव्हतं. कोडंच चुकीचं छापलं होतं."

"कोण म्हणतं?"

"करणारे स्वतः आलेत जुन्नरहून. समोर बसलेत."

"दे त्यांना."

सावळेरामने फोन घेतला. "चूक माझी होती."

"काका, खरं सांगा. तिला वाईट वाटू नये म्हणून नाही ना बोलत? मी रोज भोसरीहून फोन करतो, न उचलला की दर पाच मिनिटांनी परत लावत बसतो. पोरांची खोली रिकामी केलीय तिच्यासाठी."

"माझी चूक. कागद आहेत. तुमच्या आईनं आत्ता अकरा मिनिटांत सगळं सोडवलं, माझ्यासमोर."

"म्हणजे तुमच्या एका चुकीपायी हे सगळं झालं."

"हो."

"बरं," आदेश म्हणाला. तो चिडला होता, आणि चिडण्याच्या खाली कुठेतरी सुटल्यासारखाही वाटला. "उद्या येतो तसाच. टेम्पो नाही आणत."

फोन बंद झाला. सावळेरामला वाटले, आपले काम झाले. बातमी पाठवल्यावर एसटी सुटताना जसे हात हलके होत तसे झाले. तो उठायला लागला. बाई म्हणाल्या, "थांबा," आणि आत गेल्या. एका बांधलेल्या पोत्याची गाठ सोडल्याचा, भांडी सरकल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात शाळेच्या हजेरीपटासारखी लांबट वही होती. त्यांनी ती उघडून ट्रंकेवर, दोन्ही चौकटींच्या वर ठेवली. प्रत्येक पानावर एका रविवारचे कोडे कापून चिकटवलेले. खाली तारीख, लागलेला वेळ. निळ्या शाईत सगळे. मधून मधून लाल.

"लाल काय आहे?"

"तुमच्या चुका."

त्याने वही जवळ घेतली. पहिली लाल खूण अडीच वर्षांपूर्वीची होती. एक शोधसूत्र मे महिन्यात येऊन गेले होते, तेच जुलैत जसेच्या तसे. मग तीन महिने काही नाही. मग एका शब्दात एक अक्षर जास्त. मग महिन्याला एक. गेल्या वर्षापासून महिन्याला दोन, तीन. एका रविवारी सतराव्या क्रमांकाला शोधसूत्रच नव्हते आणि बाईंनी छेदणाऱ्या अक्षरांवरून शब्द ताडला होता, कडेला लाल शाईत लिहिले होते, 'असे असावे'. तो पाने उलटत राहिला. शेवटच्या पानांवर प्रत्येक रविवारी लाल होते.

"पण कार्डावर तुम्ही पूर्ण उत्तरं पाठवत होता."

"दुरुस्त करून. तुमचं जे म्हणणं असेल ते." त्या शांतपणे बोलत होत्या. "वाटलं, तुम्ही ताडून बघाल, विचाराल, बाई हे तुम्ही वेगळं का लिहिलंत. तुम्ही लिहायचात, सर्व बरोबर."

बाहेर साळुबाई कुणाला तरी मोठ्याने सांगत होती की, पावणं आत बसल्यात.

"कळवायचं होतं," तो म्हणाला.

"मुलांच्या वहीत चूक काढली तर मुलगा मोठा होतो. तुमचं काय झालं असतं? बंद केलं असतंत. मग माझा रविवार कसला?" त्यांनी चष्म्याची घडी घातली. "स्वार्थच माझा. आणि तो असा फिरला बघा. लहान लहान चुका तुमच्या आहेत हे मला माहीत होतं. पण अर्धं कोडं चुकेल इतकं काही तुमचं डोकं गेलेलं नसणार. मग येवढी मोठी चूक म्हणजे माझीच. तीन दिवस मी तुमच्यावर नाही, माझ्यावर संशय घेतला."

सावळेरामने वही मिटली. तिच्या पुठ्ठ्यावर शाळेचा जुना शिक्का होता. मीटरपट्टीचे टोक, असे त्याच्या मनात आले, आणि भंवरलाल त्या दिवशी जेवला नव्हता हे आले, आणि भंवरलाल आज पायरीवर उभा का राहिला होता ते आले. त्यालाही माहीत होते. जिनेशला माहीत होते. पुण्याच्या त्या मुलीला, तिच्या मागे हसणाऱ्यांना. एवढ्या सगळ्यांनी दुरुस्त करून घेतले होते आणि तो प्रत्येकाला उलट टपाली तेच दोन शब्द पाठवत आला होता.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"मला काही झालेलं नाही."

"मीही आदेशला हेच म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "घरी कोण असतं?"

"खाली भंवरलाल असतो."

"त्यांचा नंबर द्या."

तो त्याला पाठ होता. त्याने तो न अडखळता सांगितला, आणि सांगताना त्याला वाटले की आपण एखादा पुरावा दाखल करतो आहोत. बाईंनी तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवला. मग स्वतःचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. "पुण्याला पाठवायच्या आधी मला फोनवर वाचून दाखवायचं. बुधवारी. चारच्या पुढं. जमेल तोवर."

"आणि जमेना झालं की?"

बाईंनी त्याच्याकडे तसेच पाहिले, समोरच्याने हात मागे घ्यावेत तसे. "तेव्हा सांगेन," त्या म्हणाल्या. "मी सहज बोलत नाही."

पाचच्या गाडीला त्या पारापर्यंत पोचवायला आल्या. साळुबाई म्हणाली, "गेला का टेम्पो?" आणि बाई म्हणाल्या, "गेला. तुझ्या करडईची भाजी पाठव संध्याकाळी, भांडी बांधलीत माझी," आणि म्हातारी अशी हसली की तिचे दात नसलेले तोंड दिसले. गाडी वळून आली. सावळेराम चढत असताना बाईंनी त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक कागद सरकवला, मुलाच्या खिशात आईला द्यायची चिठ्ठी सरकवावी तसा. फोन नंबर तर आधीच दिला होता. हे काय म्हणून त्याने विचारले नाही. गाडी सुटली. माळावर ऊन कलले होते, बैलगाडीएवढ्या सावल्या पडल्या होत्या, आणि कंडक्टर पुढे कुणाला तरी सांगत होता की, अंधाराच्या आत पोचलेलं बरं, ओढ्याच्या कडेला परत बिबट्या दिसलाय. सावळेरामने पुढच्या रविवारच्या कोड्याचा विचार करायला घेतला. नमुना चार घ्यावा. चार गेल्या महिन्यात घेतला होता का? मग पाच. पाचची काळी घरे त्याने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, एकेक कोपरा येई आणि दुसरा धरेपर्यंत पहिला पुसला जाई.

मंचरला तो उतरला तेव्हा स्टँडवरचे दिवे लागले होते आणि उजेड अजून गेलेला नव्हता. फलाटांवर गाड्या होत्या, माणसे होती, प्रत्येक जण कुठेतरी निघालेला. ध्वनिक्षेपकावर गावांची नावे एकामागून एक येत होती. ती सगळी ओळखीची होती, प्रत्येक गावाची एखादी तरी बातमी त्याने लिहिली होती, आणि त्यातले आपले कोणते हे त्याला पटकन उचलता येईना. माणसांनी धक्के दिले तसा तो बाजूला झाला, खांबाला टेकला. मग त्याने खिशातला कागद काढला.

चार ओळी होत्या, क्रमांक घालून, फळ्यावरच्या अक्षरात. १. मंचरला उतरणे. २. नारायणगाव गाडी, फलाट दोन. ३. नारायणगावला जुन्नर गाडी. ४. भंवरलाल यांचे दुकान, जिना. शाई लाल होती.

त्याने पिशवीतून पेन्सिल काढली, कागद खांबावर धरला, पहिल्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून चालू लागला.